संगणकाचं डोकं कुठलं घ्यावं?

बाई, एक विचारू?

मुलांनो, या आठवड्याचं पत्र आहे वाकोल्याचं, म्हणजे आपल्या सांताक्रूझ पूर्वेचं. लिहिणारा आठवीत आहे. अक्षर सुरेख, पण मुलगा वैतागलेला दिसतो. तो लिहितो :

'बाई, आईची भिशी लागलीय. त्या पैशांतून घरी संगणक घ्यायचं ठरलंय. तयार नाही, सुटे भाग आणून जोडून घ्यायचा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण प्रोसेसर कुठला, यावर आमच्याकडे रोज रात्री सभा भरते. वर्गातला मित्र म्हणतो, आय-सेव्हनच्या खाली घेऊ नकोस, आय-थ्री म्हणजे ढ मुलांचा. एक ओळखीचे दुकानदार जुना आय-सेव्हन स्वस्तात देतो म्हणतात. मामा म्हणतो, रायझन घ्या. बाबा म्हणतात, सगळ्यांत कमी भावाचा कुठला ते बघ. ताई अकरावीत आहे, तिलाही तो वापरायचाय. आई एवढंच म्हणते, पैसे एकदाच येणार आहेत, नीट विचार करा. बाई, तुम्ही सांगा ना, कुठला घेऊ?'

घरातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आईने मांडलाय, बरं का. भिशीचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढून जमवलेले असतात. म्हणून मी एकदम 'अमुक घे' असं सांगणार नाही. आधी प्रोसेसर काय करतो ते पाहू, मग त्याचं नाव वाचायला शिकू. तेवढं जमलं की दुकानात तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही.

मोदकांचा कारखाना

प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणतात. पण हा मेंदू स्वतःहून विचार करत नाही. तो फक्त सांगितलेलं काम करतो, तेही अगदी बारीक बारीक तुकड्यांत : हे दोन आकडे मिळव, हा मोठा की तो ते बघ, उत्तर तिकडे नेऊन ठेव. असं सेकंदाला अब्जावधी वेळा.

गणेशचतुर्थीच्या दिवशीचं स्वयंपाकघर आठवा. उकडीचे मोदक चाललेत. मोदक वळायला बसलेल्या बायका म्हणजे प्रोसेसरचे 'कोअर'. चार कोअर म्हणजे चार जणी. त्यांचे हात किती भरभर चालतात, तो झाला वेग. तो गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके.

प्रत्येकीच्या हाताशी सारणाची छोटी वाटी असते. तिला संगणकात 'कॅशे' म्हणतात. ओट्यावर मोठं पातेलं असतं, ती 'रॅम'. आणि आतल्या फडताळात गूळ-खोबरं-पिठाचे डबे असतात, ती 'एसएसडी' किंवा हार्ड डिस्क. वाटीतलं सारण संपलं की पातेल्याकडे हात जातो, पातेल्यातलं संपलं की उठून फडताळाकडे जावं लागतं. जितकं लांब जाल तितका वेळ जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता दुकानदार म्हणतो, 'चार कोअर आणि आठ थ्रेड.' थ्रेड म्हणजे काय? समजा, एका काकूंचं सारण संपलंय. ते येईपर्यंत नुसतं बसून राहण्याऐवजी त्या दुसऱ्या ताटातली पारी करायला घेतात. काकू एकच, पण ताटं दोन. म्हणजे चार काकू आणि आठ ताटं. काम थोडं जास्त होतं, पण आठ काकूंइतकं होत नाही. म्हणून आधी कोअरचा आकडा विचारा, मग थ्रेडचा.

आता एक गणित करू. उकड काढायला २० मिनिटं लागतात आणि ती एकटीलाच काढावी लागते. एका पातेल्यात चार जणींनी उलथनी घातली म्हणून उकड लवकर होत नाही! त्यानंतर मोदक वळायला एकटीला ६० मिनिटं लागतात. एकूण ८० मिनिटं. वळायला दोघी बसल्या तर २० अधिक ३०, म्हणजे ५०. चौघी बसल्या तर २० अधिक १५, म्हणजे ३५. सहा जणी बसल्या तर ३०.

नीट बघा हं. एकीच्या दोघी झाल्या तेव्हा ३० मिनिटं वाचली. चौघींच्या सहा झाल्या तेव्हा वाचली फक्त पाच. संगणकाचंही असंच असतं. जे काम वाटून देता येतं, त्यालाच जास्त कोअरचा फायदा. जे वाटून देता येत नाही, तिथे एकेकीचा हात चांगला हवा. तुम्ही निबंध टंकित करताय, नकाशा शोधताय, ऑनलाइन तास बघताय, तर सोळा कोअरमधले बहुतेक हातावर हात ठेवून बसतील. त्यांचे पैसे मात्र तुम्ही मोजलेले असतील.

पुण्यातल्या 'परम'ची गोष्ट

काम वाटून देण्याची ही युक्ती आपल्या महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या आणि विज्ञानाच्या मोठाल्या गणितांसाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेतल्या 'क्रे' कंपनीचे महासंगणक तेव्हा नावाजलेले होते. पण आपल्याला हवा होता तेवढ्या ताकदीचा द्यायला अमेरिका तयार नव्हती. मग १९८८मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

आता बघा, त्यांच्यापुढे प्रश्न तुमच्यासारखाच होता : प्रोसेसर कुठला घ्यायचा? एकच प्रचंड ताकदीचा प्रोसेसर मिळण्यासारखा नव्हता. त्यांनी ब्रिटनमधल्या 'इन्मॉस' कंपनीची 'ट्रान्सप्युटर' नावाची छोटी चिप निवडली. एकटी चिप काही भीमसेन नव्हे. पण शेजारच्या चिपशी बोलत बोलत काम वाटून घ्यायचं, हे शिकवूनच तिला घडवलेलं होतं. अशा ६४ चिपा जोडून १९९१मध्ये 'परम ८०००' हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला. त्यांनी आधी कामाचा स्वभाव पाहिला, मिळण्यासारखं काय आहे ते पाहिलं आणि मग चिप निवडली.

हवामानाचं काम वाटून देण्याजोगं असतं, याचं उदाहरण सांताक्रूझकरांच्या अगदी जवळचं आहे. २६ जुलै २००५ला आपल्याकडे किती पाऊस पडला, ते घरच्या मोठ्यांना विचारा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तोच पाऊस कुलाब्याला मात्र फारच कमी होता. असा पाऊस गणितात पकडायचा, तर नकाशावर चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनातल्या हवेचं गणित वेगळं करतात. चौकोनांचे गट वेगवेगळ्या प्रोसेसरना वाटून देतात. म्हणजे मोदकच!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८मध्ये 'प्रत्युष' आणि २०२४मध्ये 'अर्का' हे महासंगणक आले. त्यानंतर २०२५मध्ये देशभराच्या अंदाजासाठी १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरचे चौकोन वापरायला सुरुवात झाली. १२ किलोमीटरच्या एकाच चौकोनात सांताक्रूझ आणि दादर दोन्ही मावू शकतात. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर त्याच जागेत चौकोन किती बसतात? दुप्पट नाही, चौपट! वहीवर काढून बघा. म्हणून तिथे हजारो कोअर लागतात.

आपल्या घरी काही मुंबईच्या पावसाचं गणित करायचं नाही. मग आपलं काम काय? हे आधी कागदावर लिहायला हवं.

पहिलं पान : कामांची यादी

वाकोल्याच्या मित्रा, आज रात्रीच्या सभेत एक कागद घे. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिही आणि आठवड्यातून किती तास, कशासाठी संगणक लागणार ते लिही. ताईचे अकरावीचे व्हिडिओ तास, प्रकल्प, तक्ते. बाबांची बिलं, अर्ज. तुझं स्क्रॅच किंवा पायथन. आणि हो, खेळही लिही. लपवू नकोस, मला ठाऊक आहे!

आता यादीचे तीन भाग कर.

पहिला : लिहिणं-वाचणं, इंटरनेट, व्हिडिओ बघणं, प्रोग्रॅमिंग शिकणं. याला सध्याच्या पिढ्यांतला चार कोअरचा साधा प्रोसेसर पुरेसा होतो.

दुसरा : थोडे फोटो, घरगुती व्हिडिओची काटछाट, हलकेफुलके खेळ. याला सहा कोअर असले तर बरं.

तिसरा : मोठे नवे खेळ, तासन्‌तास व्हिडिओ संकलन, त्रिमितीय चित्रं. इथे नुसत्या प्रोसेसरने भागत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्याची किंमत बऱ्याचदा प्रोसेसरपेक्षा जास्त असते.

बहुतेक घरांची यादी पहिल्या भागात भरते आणि दुसऱ्या भागात थोडी सांडते. तसं असेल तर तिसऱ्या भागाचे पैसे घालवायचे कशाला?

आय-थ्री म्हणजे ढ नव्हे!

आता त्या वर्गमित्राकडे वळू. आय-३, आय-५, आय-७ या काही इयत्ता नव्हेत. हे आकडे एकाच वर्षाच्या मालिकेतली लहान-मोठी भावंडं सांगतात. वेगवेगळ्या वर्षांची भावंडं शेजारी उभी केली की हिशेब चुकतो.

दोन खरे प्रोसेसर घेऊ, दोन्ही इंटेलचे.

आय७-२६०० : बाजारात आला २०११मध्ये. कोअर चार, थ्रेड आठ. वेग ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झ. विजेचा मूळ आकडा ९५ वॅट.

आय३-१२१०० : बाजारात आला २०२२मध्ये. कोअर चार, थ्रेड आठ. वेग ३.३ ते ४.३ गिगाहर्ट्झ. विजेचा मूळ आकडा ६० वॅट.

काय दिसलं? काकू तेवढ्याच, ताटंही तेवढीच. मूळ वेग तर आय-३चाच किंचित कमी. तरी आय-३ स्पष्टपणे पुढे जातो. कसा? एक काकू भराभर हात फिरवतात, पण एका मोदकाला त्यांना दहा फेऱ्या लागतात. दुसऱ्या काकू शांतपणे पाच फेऱ्यांत एकवीस कळ्या पाडतात. नव्या पिढीचा प्रोसेसर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांच्या गिगाहर्ट्झची तुलना करू नये.

मग पिढी कशी ओळखायची? इंटेलच्या या जुन्या नावांत आडव्या रेघेनंतरचे आकडे बघा. २६०० म्हणजे दुसरी पिढी. १२१०० म्हणजे बारावी. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं आणलीत, त्यात 'आय' गेला. एएमडीच्या 'रायझन ५ ५६००'मध्ये पहिला ५ म्हणजे भावंडांतला क्रमांक आणि पुढच्या चार आकड्यांतला पहिला साधारणपणे मालिका सांगतो. नावांनी गोंधळ झालाच तर पूर्ण नाव लिहून आणा आणि तो कोणत्या साली आला, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. साल कधी फसवत नाही.

जुन्या प्रोसेसरचा आणखी एक तोटा आहे. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ चालण्यासाठी मायक्रोसॉफ्टने मान्य प्रोसेसरची यादी दिली आहे, आणि २०११चा आय-७ त्या यादीत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मात्र छान चालतं, ते फुकट मिळतं आणि त्यात मराठीही लिहिता येतं. घरी असा जुना संगणक असला तर टाकू नका. पण नव्यासाठी जमवलेले पैसे घालून तो मुद्दाम विकत आणू नका.

शेवटचं अक्षर नीट वाचा

आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाने हौसेने संगणक जोडला. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण. शेवटी कळलं की सगळे भाग ठीक होते. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' हे अक्षर होतं, एवढंच!

इंटेलच्या नावात 'एफ' असला तर त्या प्रोसेसरच्या पोटात चित्र काढणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स नसतो. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. ज्याला कार्ड घ्यायचंच आहे त्याला तो फायद्याचा, बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एएमडीकडे जरा उलट आहे. रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, पण ५६००जीमध्ये आहे, आणि ते हलक्या खेळांपुरतं बरंही आहे. तिथे 'जी' अक्षर शोधायचं. रायझनच्या ७००० मालिकेपासून पुष्कळ प्रोसेसरमध्ये पडद्यापुरतं साधं ग्राफिक्स आलंय, पण तिथेही 'एफ' असला की नाही. इंटेलचा 'के' म्हणजे वेग आणखी वाढवता येण्याजोगा. त्याला चांगला कूलर लागतो. पहिल्या संगणकाला त्याची गरज नाही.

बूट आणि पाय

प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या चौकटीत बसतो, तिला 'सॉकेट' म्हणतात. पाच नंबरच्या पायाला सात नंबरचा बूट चालत नाही, तसंच हे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर 'एलजीए १७००' सॉकेटमध्ये बसतात. यातला १७०० म्हणजे वीज आणि माहिती ये-जा करायच्या स्पर्शबिंदूंची संख्या. एएमडीचं जुनं सॉकेट 'एएम ४', त्यात प्रोसेसरला १३३१ बारीक पिना असतात. (१३३१ हा कोणाचा घन आहे? सातवीच्या वरच्यांनी सांगायचं!) २०२२मध्ये आलेलं 'एएम ५' वेगळं आहे.

सॉकेटबरोबर रॅमही ठरते. एएम ४ला डीडीआर ४ रॅम लागते, एएम ५ला डीडीआर ५. एलजीए १७००चे काही मदरबोर्ड डीडीआर ४चे असतात, काही डीडीआर ५चे. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्यात बसत नाही. म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ही तिघं एकाच वेळी निवडायची.

याचा पुढेही उपयोग होतो. आज साधा प्रोसेसर घेतला, तरी चार वर्षांनी त्याच मदरबोर्डवर त्याच सॉकेटचा मोठा भाऊ बसवता येतो. कधी कधी त्यासाठी 'बायोस' अद्ययावत करावा लागतो. मदरबोर्ड घेतानाच त्याची प्रोसेसरची यादी बघून ठेवली की काम झालं.

डोकं पैलवानाचं, जेवण चिमणीचं?

आता पैशांचं बोलू. भाव सारखे वर-खाली होतात म्हणून रुपये लिहीत नाही, वाटणी सांगते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकात, पडदा सोडून जो खर्च होतो, त्याचा साधारण पाव हिस्सा प्रोसेसरला द्यावा. प्रोसेसरवर अर्धे पैसे उडवले की मग रॅम कमी, हार्ड डिस्क जुनाट आणि वीज पुरवणारा एसएमपीएस कुठला तरी. मोदकाच्या कारखान्यात दहा तरबेज काकू आणल्या, पण ओटा हातभर आणि फडताळ तिसऱ्या मजल्यावर, तर काकू काय करतील? वाट बघतील.

म्हणून एसएसडी हवीच. रॅम १६ जीबी असली तर उत्तम. तीही शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण दोन पट्ट्यांतून माहिती दोन रस्त्यांनी येते. ज्यांचं ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात आहे, त्यांना याचा फायदा जास्त होतो. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा घ्या. आणि तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. आपल्या भागात पाणी कसं भरतं, ते मी सांगायला नको.

लॅमिंग्टन रोडला जाताना

सुट्या भागांचा मुंबईतला नावाजलेला बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव दिसेल डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. सांताक्रूझहून चर्चगेटची धीमी लोकल पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. पहिल्या फेरीत काही विकत घ्यायचं नाही! तीन दुकानांत तीच यादी दाखवायची आणि भाव लिहून घ्यायचे. 'याच्याऐवजी हा घे, जास्त भारी आहे' असं कुणी म्हटलं की पूर्ण नाव लिहून घ्यायचं. घरी येऊन साल, शेवटचं अक्षर आणि सॉकेट तपासायचं. दुसऱ्या फेरीत खरेदी. जीएसटीचं पक्कं बिल मागा. त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव असलं पाहिजे. कंपनीच्या बंद डब्यातल्या प्रोसेसरवर साधारण तीन वर्षांची हमी असते. ती किती, हे विचारून घ्या आणि डबाही जपून ठेवा.

तर मित्रा, तुझ्या घरची यादी मी पत्रावरून समजले तशी असेल, तर माझं मत असं : पोटात ग्राफिक्स असलेला, चार किंवा सहा कोअरचा, गेल्या काही वर्षांतला प्रोसेसर घे. इंटेल की एएमडी, हे तिन्ही भागांची बेरीज ज्याची कमी येईल त्यावर ठरव. आय३-१२१००, आय५-१२४००, रायझन ५ ५६००जी ही नावं मी नमुन्याला सांगतेय. दुकानात त्यांची धाकटी भावंडंही दिसतील. तो जुना आय-सेव्हन मात्र नको. मामांना सांग, रायझनचं म्हणणं चूक नाही. बाबांना सांग, सगळ्यांत कमी भावाचा म्हणून 'एफ' घेतला तर कार्डाचा खर्च डोक्यावर बसेल. आणि वाचलेल्या पैशांत आईला विचार, तिला संगणकावर काय शिकायचंय. यादीत तिचं नाव तू लिहिलंच नसणार!

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना निवडीत सामील करून घ्या. तीन दुकानांच्या भावांची बेरीज, शेकडेवारी, तक्ता हे सगळं त्यांना करू द्या. शाळेत पुस्तकातून शिकवलेलं गणित तिथे खऱ्या पैशांना भिडतं. आणि 'महागातला घेतला की मूल हुशार होईल' हा विचार सोडून द्या. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पेंटियम प्रोसेसरच्या कामाचं नेतृत्व केलं. १९९३मध्ये आलेल्या त्या चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि तिचा वेग ६० मेगाहर्ट्झपासून सुरू होत होता. त्या काळी जग थक्क झालं होतं. आज साधा म्हणून हिणवला जाणारा प्रोसेसरही तिच्या कितीतरी पट पुढे आहे. त्यावर बसून मूल काय करतं, ते बघा.

करून पाहा

१. शाळेतल्या किंवा शेजारच्या विंडोज संगणकावर, मोठ्यांची परवानगी घेऊन, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर आणि थ्रेड (तिथे त्यांना 'लॉजिकल प्रोसेसर' म्हटलंय) दिसतील. नाव वाचून पिढी ओळखा आणि मला लिहून पाठवा.

२. तिथेच समोर आलेख हलताना दिसेल. एखादा व्हिडिओ लावा, मग निबंध टंकित करा. कुठल्या वेळी आलेख किती उंच जातो, त्याची नोंद करा.

३. मोदकांचं कोडं : उकडीला २० मिनिटं, वळायला एकटीला ६०. वळायला बारा जणी बसल्या तर एकूण किती वेळ? साठ जणी बसल्या तर? आणि कितीही बायका बोलावल्या तरी किती मिनिटांच्या आत मोदक होणारच नाहीत? उत्तर कारणासकट पाठवा. नुसता आकडा चालणार नाही हं!